काड्यांखालच्या नळ्या

२०२४ साल होतं आणि मी पंच्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत झालेली, तीही पुरती नाही. परीक्षेच्या आठवड्यात केळी कापायला आली, म्हणून परीक्षा राहिली ती राहिलीच. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. असोद्याच्या शिवाराला लागून माझी जमीन आहे, ती मी कुणाला न विचारता कसली आणि कुणापुढे मान खाली घातली नाही. ज्या दिवसाचं सांगतो आहे, त्या दिवशीही घातली नाही. तीच तर खरी घाण आहे.

हवामान बदल या शब्दाचा मला वीट आला होता. तो शब्द घेऊन गावात जो येई तो काचा बंद केलेल्या गाडीतून येई, आणि तो बोलत असेपर्यंत बाहेर त्याची गाडी घुरघुरत उभी राही, परत बसताना आत गार असावी म्हणून. शाळेच्या भिंतीवर कुणीतरी एक पांढरं अस्वल काढून ठेवलं होतं, बर्फाच्या तुकड्यावर बसलेलं, रडवेलं. आमच्या पोरांनी बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर. वैशाखात आमच्याकडे गुरांच्या हाळातलं पाणी असं तापतं की बैल तोंड लावून मागे सरतो. केळीचे घड उन्हाने एका बाजूने भाजून काळे पडतात. ते दिसत नाही यांना, अस्वल दिसतं.

नात तेव्हा पाचवीत होती. दिवाळीनंतर शाळा उघडली तशी एके दिवशी वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. बाईंनी सांगितलं होतं, घरातल्या मोठ्या माणसाकडून एक गोष्ट कबूल करून घ्या, हवा बिघडू नये म्हणून तो काय सोडणार ती.

"आबा, खोलीतून निघताना पंखा बंद करायचा."

"मी खोलीत बसतो कधी?"

"गाडीऐवजी पायी जायचं."

"मी सायकलवर जातो. तुझ्या बापाला सांग, तो तंबाखूची पुडी आणायला मोटरसायकल काढतो."

"मग, ताटात अन्न टाकायचं नाही."

"माझ्या ताटात कधी शीत दिसलं तुला?"

ती पेन्सिल चावत बसली. मला मजा वाटत होती. पंच्याहत्तर वर्षं सरळ जगलेल्या माणसात ही काय खोट काढणार? तेवढ्यात ती म्हणाली, "आबा, मग तू नळ्या जाळायच्या नाहीत."

माझी मजा तिथेच संपली.

नळ्या म्हणजे ठिबकच्या. कपाशीच्या प्रत्येक ओळीला एक काळी बारीक नळी असते, तिच्यातून थेंब थेंब पाणी पडतं. पाण्यातल्या क्षाराने तिची भोकं बुजतात, खारी कुरतडतात, खुरप्याने तुकडे पडतात. दोनतीन वर्षांत निम्म्या नळ्या कामातून जातात. मग कपाशी उपटली की आम्ही त्या बांधावर गोळा करून पेटवतो. सगळेच पेटवतात. धूर असा निघतो की वरून जाणारा बगळा वाट बदलतो, आणि तोंडातली कडू चव संध्याकाळच्या भाकरीपर्यंत जात नाही. मी दरवर्षी तेच करत होतो आणि दरवर्षी थुंकत होतो.

"बरं, नाही जाळत," मी म्हणालो.

"सही कर."

मी सही केली. माझी सही तीन अक्षरांची, पण तिला वेळ लागतो. ती वाकून बघत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने ती वही सगळ्यांना दाखवली, म्हणे, माझ्या आबाने सही करून शब्द दिला. बाकीच्या पोरांच्या वह्यांत पंखे आणि दिवे होते. नळ्या एकट्या तिच्याच वहीत.

कपाशी उपटायला मार्गशीर्ष उजाडला. नळ्यांचे तुकडे गोळा केले तर दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत एवढे निघाले. भंगारवाला टेम्पो घेऊन गावात येतो, त्याला शेतात बोलावून दाखवले. त्याने एक तुकडा उचलला, झटकला, हाताला लागलेली माती माझ्यासमोर विजारीला पुसली.

"आबा, हे असे नाही घेत. धुऊन काढा, मोळ्या बांधा, मग घेऊन जातो."

"मी काय धुणं धुणारा वाटलो का तुला?"

"मग राहू द्या," म्हणाला, आणि गेला.

धुवायला दोन दिवस लागले असते, बस. विहिरीवर बसायचं आणि धुवायचं. पण बांधशेजारी, जो मला आबा म्हणतो आणि ज्याला मी भाऊ म्हणतो, तो तिथे उभा राहून हसत होता. "आबा, आता काय नळ्यांना आंघोळ घालतो का? दे काडी लावून अन् हो मोकळा. नातीले काय समजते?"

त्याच्यासमोर बसून नळ्या धुणं माझ्याच्याने झालं नाही. जाळणंही झालं नाही, सही केलेली. मी काय केलं, ते तुकडे शेताच्या कोपऱ्यात पसरले आणि त्यांच्यावर उपटलेल्या कपाशीच्या काड्यांचा ढीग रचला. मनात असं की पोरगी उन्हाळ्यात मामाकडे चोपड्याला जाईल, तेव्हा बघू. घरी आलो तर ती ओट्यावरच उभी.

"आबा, नळ्या?"

"गेल्या भंगारात."

ती इतकी खूश झाली की माझ्या सायकलची घंटी वाजवत बसली.

पौषात तिच्या बाई घरी आल्या. तिकडच्या नरडाण्याच्या, इथे बदलून आलेल्या. पोरांशी पुस्तकातलं बोलायच्या, पण माझ्याशी आपल्या माहेरची अहिराणी. "आबा, मना वर्गले तुमना वावरमा येवानं शे. पहिले हवा कशी व्हती, आते काय व्हयनं, ते तुमीच सांगा. अन् भरीत बी व्हऊ द्या. आमनाकडे बी भरीत व्हस, पण तुमना गावनं नाव मोठं शे."

आता भरताचं सांगितलं पाहिजे. आमच्या भागात भरताची वांगी लांबट, हिरवी, पांढऱ्या रेघांची, एकेक वीतभर. ती चुलीवर भाजत नाहीत. शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ करतात आणि त्यावर पसरतात. काडी जळते झटकन, आच देते मोठी, आणि विझताना जो धूर सोडते त्यानेच वांग्याला चव येते. मग साल काढून लाकडाच्या बडगीत मुसळीने ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वरून कांद्याची पात. हे सगळं पुरुषांचं काम. लग्नाकार्यात मला चार गावांतून वांगी भाजायला बोलावणं येत असे. मी जाळासमोर उभा असलो की काडी कुणी टाकायची आणि कधी टाकायची हे मीच सांगणार. तेवढ्या एका कामात मला कुणी शहाणपण शिकवलेलं नाही.

पोरांना शेतात आणायला मी हो म्हणालो. नातीला वाटलं तिच्या वहीमुळेच हे होतं आहे, आणि ते खरंही होतं.

पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. सांगितली होती पस्तीस, आली साठ, कारण सहावीचा वर्गही चढून बसला होता. ट्रॉलीच्या मागे कापडी फलक बांधलेला, आपली पृथ्वी आपण वाचवू. कापड म्हणतो मी, हात लावला तर प्लास्टिक. खाली उतरताना प्रत्येकाच्या हातात पाण्याची एकेक बाटली आणि गठ्ठ्यात थर्माकोलच्या ताटल्या. मी केळीची पानं कापून, पुसून, रचून ठेवली होती. तोंडात शिवी आली. पण बाईंच्या मागे नात उभी होती, केस चोपून, वही छातीशी धरून. मी पानं उचलून बाजूला ठेवली.

पोरं बांधावर बसली. बाई म्हणाल्या, "आबा आता आपल्याला समजावून सांगतील." साठ पोरं माझ्याकडे बघायला लागली. मला पुस्तकातलं काही येत नव्हतं. मग जे येत होतं ते सांगितलं.

"केळी कशी पिकवतात, माहीत आहे?"

"पावडरची पुडी टाकून!" एकजण ओरडला.

"ते आत्ताचं. माझ्या लहानपणी केळी धुरीच्या खोलीत पिकवायचे. मातीची खोली, खिडकी नाही. घड आत रचायचे. कोपऱ्यात मडक्यात गोवऱ्या पेटवायच्या, नुसता धूर निघेल एवढ्याच. बाहेर येऊन दार लावायचं, आणि दाराच्या फटी शेणामातीने लिंपून टाकायच्या. ऊब आत कोंडते, बाहेर निघत नाही. हिरवीगार केळी थोड्याच दिवसांत पिवळी. आणि लिंपण काढायला एक दिवस उशीर झाला तर?"

"काळी होतात!"

"काळी होतात, गळतात, चिलटं बसतात, वास सुटतो. आत पाऊल ठेववत नाही. आता ही जी हवा आहे ना आपल्या डोक्यावर, ती खोली समजा. धूर आपण घालतो. गाड्यांचा, कारखान्यांचा, कोळसा जाळून वीज करतात त्याचा. त्या धुराने फटी लिंपल्या गेल्या. ऊन आत येतं, ऊब बाहेर जात नाही. आणि खोलीत केळी कोण?"

मग नात हळूच म्हणाली, "आपण."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला आतून असं वाटलं, चौथीची परीक्षा आज पास झालो. मग मी सांगत सुटलो. आमच्या वेळी थंडी कधी यायची हे केळीला ठाऊक असायचं, आता थंडीत गारा पडतात आणि फुटलेला कापूस झाडावर भिजून कोंब धरतो. पोरं ऐकत होती. एका पोराने विचारलं, "आबा, मग आम्ही लहान आहोत, आम्ही काय करायचं?"

"नवा धूर घालायचा नाही," मी म्हणालो. "आणि मोठा माणूस धूर घालताना दिसला तर त्याचा हात धरायचा. मोठा आहे म्हणून सोडायचा नाही."

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडाने.

बोलत असताना माझ्या पाठीमागे भाऊने जाळ लावला होता. भरतासाठी मी आठ दिवस आधी निवडून काड्या बाजूला ठेवल्या होत्या, कोरड्या, स्वच्छ. पण त्या पस्तीस पोरांच्या. वांगी दुप्पट झाली, काड्या संपल्या. भाऊ उठला आणि कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेला. मी पाहिलं. तो ढिगाच्या तळातून ओढतो आहे हेही पाहिलं, कारण वरच्या काड्यांवर दव होतं आणि खालच्या कोरड्या. मी हाक मारू शकत होतो. साठ पोरांसमोर काय म्हणून हाक मारणार? मी मनाशी म्हणालो, काडीला नळी थोडीच चिकटून येते.

चिकटून येते. काड्यांची मुळं नळ्यांत गुंतलेली असतात.

धूर आधी पांढरा होता, मग पिवळट झाला, मग काळा. वास पोरांपर्यंत पोचला तशी त्यांनी नाकं धरली. नात उठून जाळाजवळ गेली. मी तिच्या मागे गेलो. वांग्यांच्या मधोमध एक काळा तुकडा सापासारखा आकसत होता आणि त्यातून जळते थेंब वांग्यांवर पडत होते, टप टप, आवाज करत.

"आबा, नळ्या!" ती ओरडली. "या आपल्या नळ्या आहेत! तू तर भंगारात दिल्या म्हणाला होता!"

सगळी पोरं उभी राहिली. बाई आल्या. भाऊ काठीने तो तुकडा राखेत दाबायला लागला, माझ्याकडे न बघता.

मी म्हणालो, "नळ्या कुठल्या? ओली काडी आहे. पोरगी उगाच काहीतरी बोलते."

"नाही बाई, नळीच आहे, मी पाहिली..."

"खोटं बोलायची सवय लागली तिला," मी म्हणालो.

बाईंना माझ्या वयाची भीड. त्यांनी तिच्याकडे वळून सांगितलं, "आबांना असं बोलतात का सगळ्यांसमोर? माफी माग."

तिने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मी तोंड उघडेन असं तिला वाटत होतं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी वांगी उलटायला लागलो.

"चुकलं आबा," ती म्हणाली.

भरीत झालं. मी साली काढल्या, भाऊने ठेचलं. जेवढा लसूण होता तेवढा सगळा घातला, तरी वास जाईना. जळक्या चपलेचा वास. पोरांनी ताटल्यांत घेतलं. एका लहान पोरीने पहिला घास तोंडात घेतला आणि तसाच ताटलीत थुंकला. बाकीच्यांनी सोबतची पुरी कोरडी खाल्ली आणि भरीत काठाला सरकवून ठेवलं. बाईंनी दोन घास खाल्ले. "छान झालंय आबा," म्हणाल्या, आता पुस्तकातल्या मराठीत.

मी काय केलं? मी तीनदा वाढून घेतलं. सगळ्यांना दिसेल असं, बोटं चाटत. प्रत्येक घास टाळूला चिकटत होता, तेलकट, कडू. भाऊ कानाशी येऊन म्हणाला, "आबा, मरशील ना रे. कायले खातो?" मी म्हणालो, "तुला चव कळत नाही." आणि चौथ्यांदा वाढून घेतलं.

पोरं गेली. थर्माकोलच्या साठ ताटल्या, भरताने भरलेल्या, बांधावर पडल्या होत्या. एक कुत्रं आलं, हुंगलं आणि निघून गेलं. मी विहिरीमागे जाऊन ओकलो. पोटात होतं ते सगळं निघालं, तरी वास गेला नाही. तो माझ्या मिशांत होता, सदऱ्यात होता. आयुष्यभर मी दुसऱ्यांवर थुंकलो. त्या फलकवाल्यांवर, त्या अस्वलावर, काचा बंद करून येणाऱ्यांवर. त्यांच्यातल्या एकानेही आपल्या नातीला खोटारडी ठरवलं नसेल.

दिवस मावळताना घरी आलो. सून दारातच म्हणाली, "आबा, सदरा बाहेर काढा, कसला घाण वास येतोय." नात ओट्यावर अभ्यास करत होती. मी काही विचारण्याआधीच उठली, तांब्या भरून आणला आणि समोर ठेवला.

"पाणी घ्या आबा," म्हणाली.

ती मला जन्मात कधी अहोजाहो बोलली नव्हती.

वही उघडीच होती. माझी सही असलेलं पान तिने फाडलं नव्हतं, खोडलंही नव्हतं. त्याच्या खाली बाईंचा लाल शेरा होता, शाळेत परतल्यावर दिलेला. मला लाल अक्षर वाचायला वेळ लागला. 'खोटे बोलू नये. मोठ्यांचा मान राखावा.' आणि त्याखाली पालकांच्या सहीसाठी रेघ. मुलगा शेजारी उभा होता, पेन हातात घेऊन. "कशाला उद्धटपणा करते ही," म्हणत तो वाकला, तसा मी पान झाकलं.

"त्यावर तू सही करायची नाही," मी म्हणालो.

"मग कोण करणार?"

मी वही मिटली आणि उशाशी घेऊन झोपलो. झोपलो म्हणजे आडवा झालो.

सकाळी ऊन पडण्याआधी शेतात गेलो. ढीग उपसला. नळ्यांचे तुकडे ओढून काढले, विहिरीवर नेले आणि धुवायला बसलो. भाऊ आला, उभा राहिला. आज हसला नाही. मी म्हणालो, "हस ना." तो म्हणाला, "सरक तिकडे," आणि माझ्या शेजारी उकिडवा बसला. रात्रभर हाळात राहिलेलं पाणी बर्फासारखं होतं, बोटं वाकेनात. सगळं धुऊन झालं नाही, पण दोन मोळ्या झाल्या. त्या कपाशीच्याच सालीच्या वाकाने बांधून भाऊकडे दिल्या, भंगारवाल्याला हाक मारायला सांगितलं. मग जाळाच्या राखेत हात घातला आणि काल वितळून गोठलेला तो गोळा शोधला. हाताएवढा होता, काळा, त्यात वांग्याची जळकी साल चिकटलेली.

शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना संपत आली होती. मी चपला काढल्या आणि ओळींच्या पुढे, त्या अस्वलाच्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिलो. बाई पुढे आल्या, "आबा, काय झालं?" मी गोळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाजवळ नेला आणि तोंड फिरवलं.

"काल ही पोरगी खरं बोलत होती," मी म्हणालो, शेवटच्या ओळीतल्या पोरांना ऐकू जाईल असं. "नळ्या माझ्या होत्या. मी लपवल्या होत्या. खोटं मी बोललो, तिला माफी मी मागायला लावली. तुमच्या ताटात ती घाण मी घातली." पोरं हसली नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

नात पाचवीच्या ओळीत तिसरी उभी होती, खाली बघत. मी बंडीतून वही काढली, बाईंकडून लाल पेन मागून घेतला. वही भिंतीला लावली, बाईंच्या शेऱ्यातले 'खोटे बोलू नये' हे तीन शब्द तसेच ठेवले, बाकीचे खोडले, आणि रेघेवर माझी सही केली. तीन अक्षरं. गारठलेल्या बोटांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळी शाळा उभी राहिली.